मागच्या तारखेची नोंद

"ताई, एक बिल तेवढं मागच्या तारखेला टाकून द्या की."

नव्या नोकरीतला माझा तिसरा दिवस होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, बाहेर लूमचा खडखडाट, आत केबिनमध्ये मी, लॅपटॉप आणि चहाचा तिसरा कप. शेठना मी समजावलं, की महिना एकदा लॉक केला की मागे जाता येत नाही. आणि मुद्दाम कुलूप काढून गेलोच, तर कोणी, कधी, काय बदललं हे सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. शेठ म्हणाले, "आमची पेढी आहे हो, कंपनी कुठं आहे?" मुद्दा बिनतोड होता. पण आमच्या सॉफ्टवेअरला पेढी आणि कंपनी हा फरक कळत नाही. शेठ हसले आणि बिल चालू तारखेला पडलं.

त्या रात्री घरी येऊन मी सायकलच्या सरावाची वही उघडली. मंगळवारचे वीस किलोमीटर बुडाले होते, ते शनिवारच्या चाळिसात मिळवून साठ केले. आपण काय करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्याआधीची दहा वर्षं मी एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत होते. दहा ते सहा. काम ठरलेलं, पगारही ठरलेला, म्हणजे वाढायचा नाही असा ठरलेला. त्या नोकरीने मला एकच गोष्ट भरपूर दिली, ती म्हणजे सकाळ. चार वर्षांपूर्वी गिअरची सायकल घेतली. सुरुवातीला जुळे सोलापुरातून संभाजी तलावापर्यंत जाऊन यायची आणि स्वतःवर खूश व्हायची. मग विजापूर रोडने टाकळीपर्यंत. तिथे भीमेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या कन्नड होतात. दुसऱ्या राज्यात चहा पिऊन नवाच्या आत परत आल्याची जी ऐट असते, ती वेगळीच.

तशी लांब पल्ल्याची सवय सोलापूरला माझ्या सायकलआधीपासून आहे. कोजागिरीला इथून तुळजापूरला माणसं रात्रभर चालत जातात, पंचेचाळीसेक किलोमीटर, कितीतरी जण अनवाणी. माझी मावशी दरवर्षी जाते. ना घड्याळ, ना बूट, ना एनर्जी जेल. पिशवीत पाण्याची बाटली आणि चुरमुरे. याला कोणी एन्ड्युरन्स म्हणत नाही. मी हेल्मेट घालून निघाले की मात्र गल्लीतली पोरं टाळ्या वाजवतात.

मला करायची होती बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड. ही शर्यत नव्हे, यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. त्या ठिकाणांखेरीज वाटेत मदतीची गाडी चालत नाही, पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. मी डिसेंबरातली २०० धरून बसले होते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नोकरी बदलली. पगार दीडपट. काम काय, तर कारखान्यांना ईआरपी, म्हणजे साठ्यापासून बिलापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देणं. मुख्य ऑफिस पुण्यात, मी सोलापुरात एकटी.

हे काम बाहेरून दिसतं तसं लॅपटॉपचं नाही, ते माणसांचं आणि मापांचं आहे. टॉवेलच्या कारखान्यात सूत किलोत येतं, पण गोदामात पोत्यांत मोजतात. रंगाईला बाहेर जातं, जॉबवर्कच्या (बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या) चलनाने. शंभर किलो गेलं म्हणून शंभर किलो परत येत नाही, आणि ही घट कुणाच्या नावावर टाकायची यावर दोन माणसं अर्धा तास भांडू शकतात. गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे हा जीएसटीचा नियम, म्हणजे प्रत्येक चलनाचा माग ठेवायचा. मग बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ), मग लूम, मग टॉवेल. तो नगावर मोजायचा, डझनावर विकायचा आणि पुन्हा वजनावर तपासायचा. मालकांना हे सगळं तोंडपाठ असतं. सॉफ्टवेअरला एकेक करून शिकवावं लागतं, आणि ते शिकवताना कळतं की गोदामातल्या मामांचं एक उत्तर असतं, मालकांचं दुसरं आणि वहीचं तिसरं.

सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. कापडाच्या तयार मालाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२, ही विभागणी जाऊन २,५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८ आली, २२ सप्टेंबरपासून. साध्या टॉवेलला विशेष फरक नव्हता, पण बेडशीटचे आणि गिफ्टचे सेट बरोबर मधल्या पट्ट्यात. सोमवारी घटस्थापना आणि नवे दर एकदमच. रविवारची ऐंशी किलोमीटरची राइड मी तीन कारखान्यांचे आयटम मास्टर, म्हणजे मालाच्या दरांसकट याद्या, बदलण्यात घालवली. त्याच आठवड्यात सीनेला महापूर आला. मोहोळ-माढ्याकडची गावं पाण्यात होती. आमच्या एका ग्राहकाचे निम्मे कामगार तिकडचे. त्या दिवसांत सायकल काढावीशीही वाटली नाही.

तोवर वहीत मागची बाकी चांगलीच साचली होती. मी कॉमर्सची पोरगी. बाकी दिसली की पुढे ओढायची, एवढंच माहीत. बुधवारचं गुरुवारी, गुरुवारचं शनिवारी. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी माझ्या नावावर १४० किलोमीटर जमा होते. त्यातले ९२ झाले, उरलेले नोव्हेंबरात ओढले.

वेळ कुठून काढायचा? झोपेतून. पहाटे साडेतीनचा गजर. पुण्याहून सरांचा फोन रात्री साडेनऊला यायचा, दहाला संपायचा, मग मी दुसऱ्या दिवसाची फाईल तयार करायची. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते कधी येईल याचा नेम नाही, आणि आलं की घरातल्या प्रत्येक हाताला काम. म्हणजे पाण्याचा दिवस सरावातून वजा. ११ तारखेला विक्रीचं रिटर्न, २० ला कर भरायचं. त्याच्या आधीचे दोन-दोन दिवस ग्राहकांचे फोन उकळत असतात. हे सगळं वजा करून जे उरायचं, त्यात मी पुण्यातल्या एका धावपटूने बनवलेला बारा आठवड्यांचा तक्ता कोंबत होते. त्या तक्त्यात सोमवार हा विश्रांतीचा वार होता. माझ्या महिन्यात सोमवार नावाचं काही नव्हतंच, होत्या त्या फक्त तारखा.

बाबा हे सगळं बघत होते. ते मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते. तिन्ही पाळ्या केलेल्या, भोंग्यावर उठलेले, तरुणपणी तालमीत गेलेले. नोव्हेंबरात एकदा मी पहाटे बाहेर पडताना ते ओट्यावर बसलेले होते.

"किती वाजता झोपलीस?"

"बारा."

"मग ही रातपाळीच की. रातपाळी करून लगेच पहिल्या पाळीला कुठं जातात गं?"

मी म्हटलं, परवाचं राहिलंय, ते भरून काढायचंय.

"आमच्यात खाडा झाला की झाला. दुसऱ्या दिवशी दोन पाळ्या केल्या म्हणून मागचा खाडा पुसून कोण देत नव्हतं."

मी ऐकलं आणि निघाले. टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला तो त्याच दिवशी, पण त्याला बाबांच्या बोलण्याशी जोडायची गरज नाही.

१ डिसेंबरला त्या पहिल्या कारखान्यात साठ्यासाठीही ईआरपी चालू व्हायचं होतं. आदल्या शनिवारी-रविवारी गोदामाची मोजदाद, रविवारी रात्री सुरुवातीचा साठा चढवायचा. मी रविवारी पहाटे साठ किलोमीटर मारून गोदामात गेले होते. रात्री अकरा वाजता एक्सेलच्या फाईलमध्ये सुताच्या नंबरांपुढे आकडे भरत होते. वीस नंबरच्या सुतापुढे मामांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: ३८. मी ३८ लिहिलं. रकान्याचं माप किलो होतं, मामांचं पोतं. त्या कारखान्यात एक पोतं साठ किलोचं धरतात. म्हणजे गोदामात २,२८० किलो सूत होतं आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्ये अडतीस.

सोमवारी सकाळी अकराला बीमसाठी पहिलं सूत काढायला गेले तर सॉफ्टवेअरने नकार दिला, साठा शिल्लक नाही म्हणून. मामा म्हणाले, "मॅडम, समोर पोती दिसतायत की." दिसत होती. मी त्यांच्याच एका पोत्यावर बसले होते. चूक सापडायला दीड तास लागला, कारण मी भरलेले आकडे मी तीनदा तपासले आणि तिन्ही वेळा ३८ मला ३८ च दिसलं. शेवटी मामांनीच विचारलं, "हे अडतीस काय?" तोवर कारखाना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर चालला. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "जुनी वही बरी होती म्हणायची वेळ आणू नका ताई."

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही. चौदा डिसेंबरच्या रविवारी बीआरएम, आणि वहीत बाकी तशीच. पाच ते बारा तारखेच्या मध्ये, ११ चं रिटर्न मध्ये असताना, मी चार लांब राइड मारल्या. खरं तर शेवटचे दहा-बारा दिवस सराव कमी करत आणायचा असतो. पायांना जे कमवायचं ते आधीच कमावलेलं असतं, शेवटी फक्त ताजं व्हायचं. हे मला माहीत होतं, इतरांना मी ते सांगितलेलंही होतं.

पहाटे सहाला पुणे रोडवरून निघालो. बाळे, केगाव, लांबोटी, सावळेश्वरचा टोल, मोहोळ. टेंभुर्णीच्या पुढून परत फिरायचं. हिवाळ्यात आमच्याकडे वारा पूर्वेचा. जाताना तो पाठीवर हात ठेवून नेतो आणि आपल्याला वाटतं आपणच जोरात आहोत. परतताना तोच तोंडावर येतो. वरवड्याच्या टोलपासून उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कुणीतरी सुई टोचल्यासारखं होऊ लागलं. मोडनिंबला पायरीवर बसले ती उठवेना. एकशे अडतीस किलोमीटर झाले होते. चुलतभावाला फोन केला, तो छोटा हत्ती घेऊन आला. मागे सायकल आडवी, पुढे मी पाय लांब करून. तो सगळ्या वाटेने ऊसदराबद्दल बोलत राहिला, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

फिजिओथेरपिस्टने गुडघ्यात विशेष काही नाही म्हणून सांगितलं. नऊ दिवसांत पायाला न पेलणारं ओझं दिलं, एवढंच. दहा दिवस सायकल बंद.

त्या दहा दिवसांत मी दोन कामं केली. एक ऑफिसचं. यापुढे सुरुवातीच्या साठ्याची फाईल मी एकटीने चढवायची नाही. मोजलेल्या प्रत्येक ओळीपुढे माप शब्दात लिहायचं, किलो, पोतं की नग. ती यादी छापून गोदामाच्या माणसाने स्वतःच्या अक्षरात खूण करायची आणि मगच चढवायची. अर्धा दिवस जास्त जातो. पुण्याच्या सरांना मी हेही सांगितलं की रात्री नवानंतरचा फोन मी सकाळी आठला घेईन. चार महिने जे बोलायला घाबरत होते, त्यावर ते म्हणाले, "बरं." नुसतं "बरं"! मी उत्तराची तीन पानं तयार ठेवली होती.

दुसरं काम वहीचं. पुण्याचा तक्ता काढून टाकला आणि जीएसटीचं कॅलेंडर पुढ्यात घेतलं. ९ ते ११ आणि १८ ते २० कोरे. पाण्याचे दिवस कोरे. उरलेल्या दिवसांत आठवड्याला दोन छोट्या राइड, एक लांब. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, कारण दम लागेपर्यंत पळवलेल्या दिवसाचा थकवा मला दोन दिवस ऑफिसात दिसायचा. आणि 'बाकी' हा रकाना खोडून तिथे लिहिलं: खाडा. बुडालं तर तिथे एक फुली. फुली पुढे न्यायची नाही.

हे लिहायला सोपं आहे. पहिल्या फुलीच्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. शनिवारी साठ लिहिलेले असताना पायांत ऐंशीची ताकद आहे असं वाटायचं आणि ते वीस मी सोडून द्यायचे. घरात पैसे सापडल्यावर ते परत कपाटात ठेवावेत तसं वाटायचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पाच फुल्या ओळीने पडल्या. नंदीध्वज बघायला गेले, शेंगापोळ्या खाल्ल्या, काही भरून काढलं नाही. महिन्याचे एकूण किलोमीटर नोव्हेंबरपेक्षा बरेच कमी होते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता, तीच २००. खिशात शेंगापोळीचे तुकडे, दर पाऊण तासाला एक, भूक असो नसो. तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं हा हिशेब, आणि शेंगापोळी त्यात चपखल बसते. कडक भाकरीचा प्रयोग मी आधी एकदा केलेला आहे. चालत्या सायकलवर तो करू नये.

सव्वाअकराला वळणावर पोचले. तिथे शिक्का मारायला कोणी नसणार हे आधीच सांगितलेलं होतं. वेळ छापलेली एटीएमची पावती किंवा दुकानाचं बिल घ्यायचं होतं, १२ वाजून ४० मिनिटांच्या आतलं. एटीएममधला कागद संपलेला. शेजारच्या मेडिकलमध्ये ओआरएस घेतलं. बिलावर तारीख छापून आली, वेळ नाही.

"वेळ हवी होती हो."

"हाताने लिहून देतो की मॅडम. किती वाजताची टाकू?"

तो अगदी सरळपणे विचारत होता. त्याने पेनही उघडलं होतं. मी म्हटलं छापूनच हवी, आणि काउंटरच्या आत वाकून त्याच्या बिलिंगमधली छपाईची सेटिंग शोधू लागले. हेल्मेट डोक्यावर, बोटांना शेंगापोळीचा गूळ. चार मिनिटं गेली. दुसरं बिल निघालं: ११.२६. तो म्हणाला, "आता रोज येणार का ही वेळ?" मी म्हटलं, रोज.

परतीचा वारा होताच. मोडनिंबची ती पायरी दिसली, तिथे न थांबता पुढे गेले आणि शेटफळला थांबले. गुडघा गप्प होता. लांबोटीला मक्याचा चिवडा आणि चहा घेतला, खरं तर गरज नव्हती. अंधार पडायला लागला तेव्हा मागचा लाल दिवा लावला. केगावच्या अलीकडे पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे फिरत होते. ६ वाजून ५२ मिनिटांनी कार्ड दिलं. बारा तास बावन्न मिनिटं. तपासणाऱ्या दादांनी मेडिकलचं बिल उजेडात धरून वेळ वाचली आणि सही केली.

पावणेआठला घरी पोचले तर दारातून मोटरचा आवाज येत होता. पाणी आलं होतं. आई आतून ओरडली, "आलीस का? पिंप धर आधी, प्रेशर जाईल." बाबा नळी घेऊन उभे होते. मी कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं, भिजायला नको म्हणून, आणि बूट न काढताच नळी हातात घेतली. बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं, स्टूल सरकवलं आणि म्हणाले, "बसून भर."